समुद्रापारचा सतरा मे

नॉर्वेचा राष्ट्रदिन हा मुळात एका संविधानाचा वाढदिवस आहे. परकी सत्ता गेल्याचा, लढाई जिंकल्याचा किंवा राजा जन्मल्याचा तो दिवस नव्हे. रोजच्या नॉर्वेजियन बोलण्यात त्याला वेगळे भारदस्त नावही नाही. ‘स्युत्तेंदे माय’, म्हणजे ‘सतरावा मे’, एवढेच म्हणतात, आणि त्या दिवशी लोक एकमेकांना ज्या शब्दांत शुभेच्छा देतात, त्या ‘ग्रातुलेरेर मेद दागेन’ या शब्दांनीच तिथे घरातल्या मुलाच्या वाढदिवसाचेही अभिनंदन केले जाते. हा वाढदिवस नॉर्वेबाहेरही, सिएटलच्या बॅलर्ड भागात, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, विस्कॉन्सिन राज्यातल्या स्टोटन नावाच्या लहानशा गावात, लंडनच्या एका उद्यानात आणि स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर दरवर्षी साजरा होतो. एरवी राष्ट्रदिन उभा राहतो तो सरकारी सुट्टी, शाळांना गेलेले आदेश, राजधानीतले संचलन आणि राष्ट्रप्रमुखाचे भाषण यांच्या आधारावर, आणि परदेशात यांतले काहीच नसते. तरीही नॉर्वेजियनांचा हा दिवस दीडशेहून अधिक वर्षे परमुलखात टिकून आहे, आणि तो का टिकला हे कळण्यासाठी प्रथम तो जन्मला कसा हे पाहावे लागते.

नॉर्वे चारशेहून अधिक वर्षे डेन्मार्कच्या राजाच्या छत्राखाली होता. नेपोलियनच्या युद्धांत डेन्मार्कने फ्रान्सची बाजू धरली, ती बाजू हरली, आणि १४ जानेवारी १८१४ रोजी कील येथे झालेल्या तहान्वये डेन्मार्कच्या राजाला नॉर्वे स्वीडनच्या राजाच्या हवाली करावा लागला. या देवघेवीत नॉर्वेतल्या कोणालाही काही विचारले गेले नव्हते. तेव्हा तिथे प्रतिनिधी म्हणून राहत असलेला डॅनिश राजपुत्र क्रिस्टियान फ्रेडरिक याने हा तह न मानता लोकप्रतिनिधींची सभा बोलावली, आणि राजधानीच्या उत्तरेस आइड्सवोल या गावी, कार्स्टेन अँकर नावाच्या कारखानदाराच्या वाड्यात, ११२ प्रतिनिधी १० एप्रिलपासून बसले. अवघ्या पाच-सहा आठवड्यांत त्यांनी संविधान तयार केले, १७ मे १८१४ ही तारीख घालून त्यावर सह्या झाल्या आणि त्याच दिवशी क्रिस्टियान फ्रेडरिकची राजा म्हणून निवड झाली. हे स्वातंत्र्य मात्र उन्हाळ्यापुरतेच ठरले. जुलैत स्वीडनने स्वारी केली, १४ ऑगस्टला मॉस येथे युद्धबंदीचा करार झाला आणि ४ नोव्हेंबरला नॉर्वे स्वीडनच्या राजाखाली गेला तो १९०५ सालापर्यंत. मात्र त्या करारातही संविधान आणि ‘स्टॉर्टिंग’ नावाची स्वतःची संसद नॉर्वेने राखली. स्वातंत्र्य गमावले आणि संविधान वाचवले, या विचित्र हिशेबामुळेच तिथला राष्ट्रदिन स्वातंत्र्याचा न होता संविधानाचा झाला. भारतातही स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताकदिन असे दोन दिवस आहेत. नॉर्वेजियन माणसाने मात्र १९०५ साली खरे स्वातंत्र्य मिळाल्यावरही ७ जून या नव्या तारखेकडे उत्सव वळवला नाही, जुन्या तारखेलाच धरून ठेवले.

त्या संविधानाचा गौरव करताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. त्या काळच्या युरोपात ते उदार गणले गेले, तरी त्याच्या दुसऱ्या कलमाने ज्यूंना देशात पाऊल टाकण्यास मनाई केली होती; ही मनाई १८५१ साली उठली, आणि ती उठावी म्हणून ज्याने सर्वांत अधिक लेखणी झिजवली तो कवी हेन्रिक वेर्गेलान हाच सतरा मेच्या उत्सवाचाही मोठा पाठीराखा होता. त्या उत्सवाला विरोध होता तो स्वीडन-नॉर्वेचा राजा कार्ल योहान याचा. हा मूळचा फ्रेंच सेनानी, नेपोलियनचा जुना सरदार. लोकांनी दोन्ही देशांच्या जोडणीचा दिवस, म्हणजे ४ नोव्हेंबर, साजरा करावा असे त्याला वाटे. १७ मेचा जल्लोष त्याला आपल्याविरुद्धचे बंड वाटत असे आणि तो बंद पाडण्याचे त्याने प्रयत्न केले. १८२९ सालच्या १७ मेला तेव्हाच्या राजधानीत, क्रिस्तियानिया म्हणजे आजच्या ऑस्लोत, ‘कॉन्स्टिट्यूसियोनेन’ नावाची आगबोट धक्क्याला लागली. तिच्या नावातच संविधान असल्यामुळे तिच्या स्वागताला गर्दी जमली, घोषणा झाल्या, संध्याकाळी लोक मुख्य चौकात रेंगाळले आणि शेवटी त्यांच्यावर घोडदळ घालण्यात आले. ‘चौकातली लढाई’ या नावाने ती घटना नॉर्वेच्या शालेय पुस्तकांत शिकवली जाते. तरुण वेर्गेलान त्या गर्दीत होता. या प्रकाराने सरकारची एवढी नाचक्की झाली की पुढे बंदीचा आग्रह ढिला पडला.

म्हणजे या उत्सवाचा पाळणा सरकारने हलवलेला नाही. सरकारच्या नाराजीत तो नागरिकांनी रुजवला. १८६४ साली, संविधानाच्या पन्नाशीला, ब्यॉर्नस्टयर्ने ब्यॉर्नसन यांनी लिहिलेले आणि रिकार्ड नूरद्राक यांनी स्वरबद्ध केलेले गीत आइड्सवोल येथे जाहीरपणे गायले गेले आणि पुढे तेच राष्ट्रगीत बनले. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या याच ब्यॉर्नसन यांच्या पुढाकाराने १८७० साली राजधानीत शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली, तिला ‘बार्नेतोग’ म्हणतात. सुरुवातीला तीत फक्त मुलगे असत. मुलींना १८८९ सालापासून जागा मिळाली. आजही ऑस्लोत शंभराहून अधिक शाळांची मुले आपापल्या शाळेचा झेंडा आणि वाद्यवृंद घेऊन राजवाड्यासमोरून जातात, सज्जातून राजघराणे त्यांना हात हलवून प्रतिसाद देते, आणि ज्या रस्त्याने ती जातात त्याचे नाव कार्ल योहानचा रस्ता असे आहे. राजाच्या रक्षकदलाचे वाद्यपथक असते. रणगाडे, तोफा आणि क्षेपणास्त्रे मात्र नसतात. गावोगावी या दिवसाची तयारी एक ‘सतरा मे समिती’ करते, जीत बहुतेक वेळा शाळेतल्या मुलांचे आईवडील असतात. मिरवणुकीचा मार्ग, चहाकॉफी, केक, पोत्यातल्या उड्यांच्या शर्यती आणि भाषणाला कोण, हे सगळे तेच ठरवतात. सार्वजनिक उत्सवांच्या मंडळांची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही रचना चटकन ओळखता येईल. असा उत्सव उचलून दुसऱ्या देशात नेणे अवघड नसते, कारण त्याला लागणाऱ्या गोष्टी म्हणजे मुले, झेंडे, चार वाद्ये आणि पुढाकार घेणारी दहा माणसे, एवढ्याच.

ही माणसे समुद्रापार जाऊ लागली ती १८२५ सालापासून. त्या वर्षी ४ जुलैला स्टावांगर बंदरातून ‘रेस्तौरासियोन’ नावाची एक एकशिडी नौका ५२ प्रवासी घेऊन निघाली आणि ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोचली तेव्हा त्यांची संख्या ५३ झाली होती, कारण वाटेत एक मूल जन्मले होते. धर्ममतामुळे घरच्या राज्यचर्चशी न पटणारे क्वेकर पंथीय आणि पीएटिस्ट वळणाचे श्रद्धाळू शेतकरी यांचा त्या पहिल्या तुकडीत भरणा होता. नौका एवढ्या माणसांसाठी अमेरिकन कायद्याच्या दृष्टीने फारच लहान असल्याने ती जप्त झाली आणि दंड ठोठावण्यात आला. तो अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी माफ केला. पुढच्या शंभर वर्षांत सुमारे ८ लाख नॉर्वेजियन उत्तर अमेरिकेत गेले. मूळ लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर युरोपात आयर्लंडचा अपवाद वगळता कोणत्याही देशाने एवढी माणसे अमेरिकेला दिली नाहीत. कारण साधे होते: डोंगर, खडक आणि बर्फ यांच्या या देशात लागवडीखाली येणारी जमीन एकूण क्षेत्राच्या अवघी तीनएक टक्के, त्यात लोकसंख्या वाढत चाललेली आणि वडिलोपार्जित शेत थोरल्या अपत्याकडे जाण्याची रीत. धाकट्यांना आणि ‘हूसमान’ म्हणवल्या जाणाऱ्या कुळांना, म्हणजे मालकाच्या शेतावर राबण्याच्या बदल्यात झोपडी आणि जमिनीचा तुकडा मिळणाऱ्यांना, मिनेसोटा आणि डकोटातली सपाट काळी जमीन ही स्वप्नातही न आलेली गोष्ट होती.

इथे एक विसंगती नजरेस येते, आणि स्थलांतराच्या गौरवपर इतिहासांत तिला पुरेशी जागा मिळत नाही. १८१४ च्या संविधानाने मतदानाचा हक्क दिला तो २५ वर्षांवरील पुरुषांपैकी सरकारी अधिकारी, जमिनीचे मालक वा दीर्घ मुदतीचे पट्टेदार आणि शहरांतले मालमत्ताधारक यांना. कुळे, गडीमाणसे आणि मजूर त्यातून वगळलेले होते. सर्व पुरुषांना मत मिळाले १८९८ मध्ये आणि सर्व स्त्रियांना १९१३ मध्ये. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या माळरानावर १७ मेला संविधानाचा जयजयकार करणाऱ्यांपैकी अनेक जण असे होते की ज्यांना वा ज्यांच्या वडिलांना त्याच संविधानाने मतपेटीपाशी येऊ दिले नव्हते. मत त्यांना मिळाले ते अमेरिकेत. तरीही दिवस त्यांनी धरला तो जुन्या देशाचा, आणि याचे कारण संविधानाच्या कलमांत सापडत नाही. परक्या भाषेच्या देशात शेजारच्या जर्मन, आयरिश आणि स्वीडिश वस्त्यांपासून आपले वेगळेपण दाखवायला, त्यातही दुरून पाहणारा ज्यांना एकाच मुठीत धरी त्या स्वीडिशांपासून, १७ मेइतका सोयीचा दिवस दुसरा नव्हता.

वसाहतींत त्या दिवसाला आधार देणाऱ्या संस्था क्रमाने उभ्या राहिल्या. आधी ल्युथरन पंथाची चर्च आली, मग त्यांची महाविद्यालये, मग नॉर्वेजियन भाषेतली वृत्तपत्रे. आयोवातल्या डेकोरा गावातून निघणारे ‘डेकोरा-पोस्टेन’ हे पत्र १८७४ पासून १९७२ पर्यंत चालले, म्हणजे जवळपास शंभर वर्षे. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस वाल्द्रेस खोऱ्यातून आलेल्यांनी एकत्र जमून पहिले ‘बिग्देलाग’ स्थापन केले. एकाच खोऱ्यातून वा गावातून आलेल्यांचे हे मंडळ, मुंबईतल्या गावकरी मंडळांसारखे, आणि पुढे अशी मंडळे डझनांनी निघाली. १८९५ साली मिनियापोलिसमध्ये १८ स्थलांतरितांनी ‘सन्स ऑफ नॉर्वे’ ही परस्परसाहाय्य संस्था काढली, तिचा पहिला हेतू आजारपणात आणि घरातला कर्ता गेल्यावर सभासदांच्या कुटुंबाला पैसे मिळावेत हा होता. भाषा, गाणी आणि नाच मागाहून आले. आज अमेरिकेतल्या अनेक शहरांत १७ मेची तयारी याच संस्थेच्या स्थानिक शाखा करतात.

अमेरिकन शेजाऱ्याला हा दिवस ‘नॉर्वेचा चार जुलै’ असा समजावून सांगता येई आणि आजही तसाच सांगितला जातो. ही तुलना ऐतिहासिकदृष्ट्या थोडी लंगडी असली तरी अगदीच पोकळ नाही, कारण आइड्सवोलच्या प्रतिनिधींसमोर अमेरिकन आणि फ्रेंच संविधानांचे नमुने होते. या दुहेरी निष्ठेचे सर्वांत बोलके चिन्ह ऑस्लोतच आहे. संविधानाच्या शताब्दीला, १९१४ साली, नॉर्थ डकोटा राज्याच्या लोकांनी नॉर्वेला अब्राहम लिंकन यांचा अर्धपुतळा भेट दिला. पॉल फ्येल्डे या नॉर्वेजियन-अमेरिकन शिल्पकाराने घडवलेला तो पुतळा फ्रोग्नेर उद्यानात उभा आहे, आणि त्याचे अनावरण झाले ते ४ जुलै रोजी. पहिल्या महायुद्धात मात्र दोन दिवसांवर एकाच वेळी प्रेम करणे महाग पडू लागले. मे १९१८ मध्ये आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी सार्वजनिक ठिकाणी, शाळेत, टेलिफोनवर, इतकेच काय पण प्रार्थनासभेतही इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलण्यास बंदी घातली. नेम जर्मनवर होता, पण नॉर्वेजियनही त्यात सापडली. १९२५ साली स्थलांतराच्या शताब्दीला मिनेसोटात अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांच्या उपस्थितीत भव्य सोहळा झाला खरा, पण तोवर घराघरांतली मुले इंग्रजीत उत्तरे देऊ लागली होती, आणि १९४६ साली त्यांच्या सर्वांत मोठ्या चर्चसंस्थेने आपल्या नावातला ‘नॉर्वेजियन’ हा शब्द काढून टाकला. भाषा गेली आणि दिवस राहिला, असा क्रम या समाजात दिसतो, आणि तो पुष्कळ परदेशस्थ समाजांना लागू पडण्याजोगा आहे.

ब्रुकलिनची कहाणी मात्र शेतीच्या माळरानाहून वेगळी, कारण तिथले नॉर्वेजियन खलाशी, गोदीकामगार आणि सुतार होते. प्रथम ते रेड हुक या गोदीलगतच्या भागात राहिले, मग सनसेट पार्क आणि बे रिज असे दक्षिणेकडे सरकत गेले. १८८३ साली तिथे आलेल्या एलिझाबेथ फेद्दे या परिचारिका-भगिनीने गोरगरीब नॉर्वेजियन खलाशांसाठी सुरू केलेल्या शुश्रूषेतून पुढे एक मोठे रुग्णालय उभे राहिले. एट्थ अ‍ॅव्हेन्यू हा त्यांचा मुख्य बाजाररस्ता ‘लापस्काउस बुलेव्हार’ या लाडक्या नावाने ओळखला जाई. लापस्काउस म्हणजे मांस, बटाटे आणि कंदमुळे एकत्र शिजवलेला दाट रस्सा, गरिबाच्या घरी उरल्यासुरल्यातून होणारा. १९४० साली जर्मनीने नॉर्वे व्यापला तेव्हा समुद्रावर असलेली नॉर्वेची हजारएक व्यापारी जहाजे लंडनमधल्या निर्वासित सरकारच्या ताब्यात आली, आणि त्यांवरच्या हजारो खलाशांना पाच वर्षे घर दिसले नाही. अटलांटिक ओलांडून येणाऱ्या त्यांतल्या अनेकांना ब्रुकलिन हेच तेवढ्यापुरते गाव होते. मायदेशात त्या काळात १७ मेचा उत्सव बंद होता, व्यापणाऱ्या सैन्याने त्यावर मनाईच घातली होती, म्हणून ती पाच वर्षे हा दिवस उघडपणे साजरा झाला तो फक्त परदेशात. परदेशातल्या उत्सवाला मायदेशातल्या उत्सवाची नक्कल समजण्याची जी सवय असते, तिला या पाच वर्षांनी चांगलाच छेद दिला आहे.

ब्रुकलिनमधली आजची मिरवणूक १९५०च्या दशकाच्या आरंभापासून निघते. ती १७ तारखेला निघत नाही, त्या तारखेच्या जवळच्या रविवारी निघते, कारण न्यूयॉर्कमध्ये त्या दिवशी कोणाला सुट्टी नसते. तिची अखेर लीफ एरिक्सन उद्यानात होते. कोलंबसाच्या सुमारे पाचशे वर्षे आधी उत्तर अमेरिकेला पोचलेल्या या नॉर्स दर्यावर्दीचे स्मारक तिथे आहे, आणि त्याचे अनावरण १९३९ साली नॉर्वेचे तेव्हाचे युवराज ओलाव यांच्या हस्ते झाले. लापस्काउस बुलेव्हार आता चिनी वस्तीचा गजबजलेला बाजार आहे. नॉर्वेजियन कुटुंबे न्यू जर्सी, स्टेटन आयलंड आणि लाँग आयलंडला गेली, पण मिरवणुकीपुरती ती जुन्या वस्तीत परत येतात. म्हणजे आता स्थलांतरितांच्या दिवसाला स्वतःचेच एक ‘मूळ गाव’ झाले आहे आणि ते नॉर्वेत नसून ब्रुकलिनमध्ये आहे.

सिएटलच्या बॅलर्डने याउलट तारीख सोडली नाही. १७ मे मंगळवारी येवो की शुक्रवारी, मिरवणूक त्याच दिवशी निघते, फक्त ती लोक कामावरून सुटल्यावर, संध्याकाळी सहाच्या सुमारास सुरू होते. बॅलर्ड हे १९०७ पर्यंत स्वतंत्र गाव होते; लाकडी कौले कापणाऱ्या गिरण्या आणि अलास्काच्या समुद्रात हॅलिबट पकडणाऱ्या बोटी यांवर ते जगत असे, आणि त्या दोन्ही ठिकाणी नॉर्वेजियन हात लागत. आता गिरण्या नाहीत, बोटींवरची माणसेही निरनिराळ्या मुलखांची आहेत, आणि जुन्या लाकडी घरांच्या जागी संगणक कंपन्यांतल्या तरुणांच्या सदनिका उभ्या आहेत. मिरवणुकीत मात्र शाळांची बँडपथके, विविध वंशांच्या मुलांची कवायतपथके, चाच्यांच्या वेशातले शहरातले उत्सवी टोळके, कुत्री आणि बाबागाड्या हे सगळे ‘सन्स ऑफ नॉर्वे’च्या झेंड्यामागे चालते. ती बर्गन प्लेस या छोट्या उद्यानाच्या परिसरातून जाते. पहिल्या स्थलांतराला दीडशे वर्षे झाली तेव्हा, १९७५ साली, तोवर राजे झालेल्या पाचवे ओलाव यांनी त्याचे उद्घाटन केले होते. नॉर्वेबाहेरच्या सर्वांत मोठ्या मिरवणुकींत या मिरवणुकीची गणना होते.

स्टोटनचा प्रकार आणखी वेगळा. टार्गे मांट नावाच्या टेलेमार्कहून आलेल्या कारागिराच्या बैलगाडी-घोडागाडीच्या कारखान्यामुळे वाढलेले हे गाव. तिथेच गाड्या रंगवता रंगवता पेर लिस्ने या कारागिराने ‘रोसेमालिंग’ ही लाकडावर फुलावेलांची नक्षी काढण्याची नॉर्वेजियन लोककला अमेरिकेत पुन्हा जिवंत केली. १९५०च्या दशकापासून तिथे १७ मेच्या जवळच्या शनिवार-रविवारला जोडून जत्रा भरते, माध्यमिक शाळेतल्या विद्यार्थ्यांचे नॉर्वेजियन नृत्यपथक नाचते, मॅडिसन शहरापासून गावापर्यंत वीस मैलांची शर्यत होते. इथे संविधानाचे नाव फार थोड्यांच्या तोंडी असते. त्याबद्दल नाके मुरडण्याचे कारण नाही, ऑस्लोतही आइस्क्रीम खाणाऱ्या मुलाला आइड्सवोलच्या प्रतिनिधींची संख्या विचारली तर ती सांगता येईलच असे नाही.

पोशाख आणि पदार्थ यांच्याबाबत परदेशस्थ समाज मायदेशाहून कसा वेगळा पडतो हे पाहण्यासारखे आहे. ‘बूनाद’ म्हणजे प्रांताप्रांतागणिक वेगळा असणारा, लोकरीचा, भरतकाम केलेला आणि ‘सोल्ये’ या चांदीच्या टाचणपिनेने सजवलेला पारंपरिक पोशाख १७ मेला देशात आणि परदेशात दोन्हीकडे दिसतो. पण त्याचे आजचे रूप जुन्या ग्रामीण कपड्यांच्या आधारे विसाव्या शतकात, हुल्दा गारबोर्ग यांच्यासारख्या लेखिका-कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांतून बांधले गेले, तोवर स्थलांतरितांतले बहुसंख्य लोक देश सोडून गेले होते. म्हणजे मिनेसोटातली नात आजीचा म्हणून जो बूनाद हौसेने शिवून घेते तो त्या आजीने बहुधा कधी अंगाला लावलेला नसतो. आजीने तर अमेरिकेत उतरताच जुने कपडे टाकून शहरी झगा घेतलेला असतो. पदार्थांचे उलटे आहे. अमेरिकेतल्या मेजवानीत ‘लेफ्से’ हवीच, म्हणजे उकडलेला बटाटा कुस्करून, पीठ मिसळून, पातळ लाटून मोठ्या तव्यावर भाजलेली आणि लोणी-साखर लावून गुंडाळलेली पोळी, आपल्या बटाट्याच्या पराठ्याची दूरची गोरी बहीण. नॉर्वेत त्याच दिवशी मुलांच्या हातात पावात घातलेले गरम सॉसेज आणि आइस्क्रीम असते, आणि मुलाने त्या दिवशी किती आइस्क्रीम खावे याची मोजदाद आईवडील करत नाहीत. जुने जपण्याचे ओझे अर्थात परदेशात गेलेल्यांवरच अधिक पडते.

आतापर्यंत सांगितले ते वंशजांचे उत्सव झाले. आजच्या घडीला अमेरिकेत आपले मूळ नॉर्वेचे सांगणारे सुमारे ४० लाख लोक आहेत, म्हणजे ५५ लाखांच्या नॉर्वेच्या लोकसंख्येच्या मानाने प्रचंड, पण त्यांतल्या बहुतेकांनी नॉर्वे पाहिलेलाही नसतो. दुसरा वर्ग आहे तो नॉर्वेचे पारपत्र खिशात असलेल्यांचा: तेलकंपन्यांतले अभियंते, जहाज व्यवसायातली माणसे, विद्यार्थी आणि उन्हासाठी दक्षिणेकडे गेलेले निवृत्त. त्यांचा १७ मे चर्चच्या आवारात होतो. १८६४ साली नॉर्वेतल्या बर्गन शहरात योहान कोर्द स्तोरयोहान या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने परदेशी बंदरांतल्या खलाशांसाठी एक मिशन स्थापन झाले. आज ते ‘श्योमान्सशिर्केन’, म्हणजे खलाशांचे चर्च, या नावाने जगभरात तीसएक ठिकाणी चालते. जहाजावरची माणसे कमी झाली आणि विमानाने येणारी वाढली, तरी नाव तेच राहिले, आणि पोह्यांसारखे दर भेटीला हमखास मिळणारे वाफल्स व घरगुती कॉफीही तशीच राहिली.

लंडनच्या रॉदरहाइद भागातले सेंट ओलाव चर्च १९२७ सालचे आहे. महायुद्धात निर्वासित राजे सातवे होकोन तिथे प्रार्थनेला येत. आज जवळच्याच सदर्क पार्कमध्ये १७ मेला हजारो नॉर्वेजियन जमतात, मुलांची मिरवणूक निघते, सॉसेजच्या रांगा लागतात. स्पेनच्या कोस्ता ब्लांकावरच्या अल्फास देल पी या गावात नॉर्वेजियनांची एवढी वस्ती आहे की तिथे त्यांची स्वतःची शाळा आहे, त्यामुळे मिरवणुकीला खरीखुरी शाळकरी मुले मिळतात, आणि मेच्या स्पॅनिश उन्हात जाड लोकरीचे बूनाद घालून चालणाऱ्यांचा निग्रह पाहण्यासारखा असतो. अशा लोकांसाठी १ जानेवारी २०२० पासून एक मोठा बदल झाला: तोवर दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याला सर्वसाधारणपणे नॉर्वेचे सोडावे लागे, आता दोन्ही ठेवता येतात. ज्यांनी आधीच सोडले होते त्यांनाही ते परत मागता येते.

आणि परदेशस्थांचा प्रश्न नॉर्वेच्या आतही आहेच. १९९९ साली ऑस्लोच्या १७ मे समितीच्या अध्यक्षपदी रुबिना राणा या पाकिस्तानात जन्मलेल्या नगरसेविकेची निवड झाली, तेव्हा त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्या बूनाद घालून मुलांच्या मिरवणुकीच्या अग्रभागी चालल्या. ब्रुकलिनमध्ये नॉर्वेजियन झेंडा घेऊन चालणाऱ्याच्या निष्ठेबद्दल आज अमेरिकेत कोणी शंका घेत नाही. त्याच झेंड्याखाली ऑस्लोत चालणाऱ्या सावळ्या स्त्रीबद्दल ती घेतली गेली, हे या दिवसाच्या इतिहासात नोंदवून ठेवावे लागते.

या सर्व मिरवणुकींत इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मजेदार ठरावी ती स्टॉकहोमची. ज्या राजधानीतून एकेकाळी हा दिवस दडपण्याचा आग्रह धरला गेला, तिथे राहणारे नॉर्वेजियन, आणि स्वीडनमध्ये त्यांची संख्या मोठी आहे, दरवर्षी १७ मेला झेंडे घेऊन स्कान्सेन या खुल्या संग्रहालयापर्यंत चालत जातात. कार्ल योहानचे घराणे स्वीडनच्या गादीवर अजून आहे. नॉर्वेचे राजे पाचवे हाराल्ड यांची आई मेर्था हीदेखील स्वीडनची राजकन्या आणि त्याच कार्ल योहानच्या वंशातली, त्यामुळे ऑस्लोच्या राजवाड्याच्या सज्जातून १७ मेच्या मुलांना हात हलवणाऱ्या या राजाच्या नात्याचा एक धागाही अखेर त्याच्यापाशीच जातो.